खालून येणारी वाट

आमचे हे दरीतल्या झाडांवर पिवळे पट्टे मारतात. नोकरीच तशी. नदीकाठच्या जंगलात फिरायला येणारी माणसं चुकू नयेत, म्हणून ठेवलंय यांना. माणूस कामाला वाघ, पण हट्टी किती म्हणाल! पट्टा झाडाच्या एकाच अंगाला, वरच्या. कारण हे वरून उतरतात, बसनं येणारेही वरूनच उतरतात. "अहो, दोन्हीकडून मारा की," शंभरदा सांगून झालं. "खालून कोण मरायला येतंय?" हे यांचं ठरलेलं उत्तर.

त्या दिवशी आमची ठकी खालून आली.

नोकरी लागल्यापासून पोरगी घरी फिरकली नव्हती. सकाळी तिचा मेसेज आला, "आई, खालच्या फाट्याला उतरतेय. बाबांना सांगू नकोस हं, दरीतच गाठते त्यांना." मी बाई हरखले. तिची खोली झाडली, चादर बदलली. आणि दुपारी बघते तर हे दारात एकटेच, कोपरापर्यंत रंग, म्हणतायत चहा टाक.

"ठकी कुठंय?"

"ती कशाला इथं असेल?"

मी तिला फोन लावला, तर दरीत कुठली आलीय रेंज! यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. स्कूटरवर मागे बसवलं आणि खालचं टोक गाठलं.

दरीत दोन्हीकडून कडे, मधे नदी, वर झाडांची इतकी दाटी की भर दुपारी सावली. एरवी मला ती वाट फार आवडते. त्या दिवशी खालून चढताना एक पट्टा दिसेल तर शपथ! मान वळवली की मागे सगळी झाडं पिवळी. हे प्रत्येक झाडाला वळसा घालून बघत होते, जणू दुसऱ्याच कुणी रंगवलंय. "बघा, डोळे भरून बघा," मी ओरडले. ते पुढच्या झाडाला वळसा घालायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

पुढे वाट फुटते. खरी वाट झुडपांतून वर चढते, ती दिसतसुद्धा नाही. दुसरी नदीलगत, रुंद, साफ. कुणीही तीच धरेल, ठकीसुद्धा; तीही आजवर वरूनच उतरलेली. ती पाण्यातल्या दगडांवरून पलीकडे जाते आणि कड्याशी संपते. दुपारनंतर वरच्या धरणाची दारं उघडतात आणि दगड बुडतात. तिकडे कुणी जाऊ नये, म्हणून तर पट्टे.

दगड बुडाले होते. पलीकडे कपारीत आमची ठकी बसली होती, पाय खाली सोडून. पाणी ओसरेल म्हणून वाट बघत असणार. आम्हाला बघून तिनं दोन्ही हात हलवले, तोंडभर हसली. जिवंत बघून मला रडूच फुटलं. यांच्याकडे वळले, तर हे तिच्या मागच्या कड्याकडे बघत होते. तिथं दगडावर एक पांढुरकी रेघ होती. पाणी चढतं ते तिथवर. ठकी उभी राहिली असती तरी रेघ तिच्या डोक्याच्या वर होती.

हे बुटांसकट पाण्यात शिरले. कंबरभर पाण्यात जातात न जातात तोच पाय सुटले. शर्टाला धरून मी कसंबसं ओढून काढलं. काठावर टेकले बिचारे. नदीचा आवाज एवढा, की माझ्या कानाला तोंड लावून बोलले.

"वर टेकाडावर रेंज येते. धरणावरच्यानं फोन उचलला तर दारं बंद होतील. तू इथंच थांब. तिला घाबरवू नकोस. घाबरली तर पोहत यायला बघेल, आणि या धारेत कुणी टिकत नाही."

"आणि नाही उचलला तर?"

ते पळत सुटलेही होते.

बाबा कुठं चालले, ठकीनं हातानं विचारलं. येतील, मी हातानंच सांगितलं. पाणी तिच्या चपलांना लागलं, तशी ती पाय वर घेऊन मांडी घालून बसली. मग मोबाईल काढला आणि माझ्याकडे रोखला. कार्टीला माझा फोटो काढायचा होता! स्वतःचे गाल बोटांनी ओढून दाखवले, आई, हस ना.

मी हसले. नीट आला नसावा. तिनं पुन्हा खूण केली, मी पुन्हा हसले.