सूचनांची चौकट

चष्मेवाल्याची बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिचा फोन त्याने बंद केला नव्हता. विजेची, गॅसची, बँकेची सगळी पत्रं तिच्याच फोनवर येत. घराचा कारभार तिच्याकडे होता. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो चष्मा कपाळावर चढवून त्या फोनवर काय आलंय ते बघायचा.

अशात एका लोकरीच्या दुकानाचे मेल यायला लागले. पहिल्यात लिहिलं होतं, 'खूप दिवसांत दिसला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते.' मलाही येते, असं मनाशी म्हणून त्याने सोडून दिलं. आठवड्याने दुसरा आला. 'तुम्ही निवडलेली राखाडी लोकर अजून तुमची वाट बघतेय.' मग तिच्या वाढदिवशी, सकाळी बरोबर नऊ वाजता, फुग्यांचं चित्र. 'शतायुषी व्हा! खास तुमच्यासाठी भेट.'

त्या दिवशी त्याने एका शिक्षिकेच्या चष्म्याची काच चुकीच्या कोनात बसवली. बाई दुकानाबाहेर पडल्या आणि लगेच परत आल्या.

"पायऱ्या तिरक्या दिसतायत हो."

"पायऱ्या सरळ आहेत, बाई. मीच आज तिरका आहे," तो म्हणाला आणि चष्मा परत घेतला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी त्याने लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मेलच्या अगदी खाली बारीक अक्षरात 'मेल नकोत' असं असतं. त्यावर दाबा."

"इतकं बारीक, की शोधायला चष्मेवालाच लागावा," तो म्हणाला. पण शोधलं आणि दाबलं. समोर पान उघडलं. 'जाताय? वाईट वाटलं. कारण सांगाल?' खाली तीन पर्याय होते: मेल फार येतात, लोकर आवडत नाही, इतर. त्याने 'इतर' निवडलं. लिहायला एवढीशी जागा होती. 'माझी बायको वारली. ती आता काही मागवणार नाही. तुमची लोकर चांगली असते असं ती म्हणायची, पण' इथपर्यंत आला आणि जागा संपली. वाक्य तसंच अर्धवट गेलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा मेल. 'परत या! झालं गेलं विसरून नव्याने सुरुवात करू.'

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. त्याने जुन्या पार्सलच्या खोक्यावरचा नंबर शोधून फोन लावला. एका बाईने उचलला. आवाज चढवायचं त्याने ठरवलं होतं, पण बायकोचं नाव सांगतानाच आवाज खाली आला.

"म्हणजे त्या गेल्या?" बाई म्हणाली. "मी इथे पार्सलं बांधते. त्यांची सगळी मीच बांधली. माफ करा हो. हे मेल कोणी लिहीत नाही, आपोआप जातात."

"तेच तर. कोणीतरी लिहायला हवे होते."

"खरंय. आत्ता माझ्या हाताने नाव काढते. पण त्याआधी एक विचारू? प्रत्येक ऑर्डरखाली सूचनांची चौकट असते. लोक त्यात पत्ता नीट कसा सापडेल ते लिहितात. त्या मात्र गप्पा मारायच्या. मीही पार्सलात चिठ्ठी टाकायचे. नाव पुसलं की ते सगळं पुसलं जाईल. तुम्हाला हवंय का?"

"हवंय," तो म्हणाला.

चार दिवसांनी जाड पाकीट आलं. रविवारी लेक आली, तेव्हा दोघांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. लेक मोठ्याने वाचू लागली.

'पार्सलवर पुस्तकं असं लिहा. पुन्हा लोकर आलेली कळली की नवरा भुवया चढवतो. बोलत काही नाही, पण चढवतो.'

'मागचा निळा फार गोड निघाला. नवरा त्याला हिरवा म्हणाला. चष्मेवाला आहे, कोणाला सांगू नका.'

लेक हसून हसून टेबलावर वाकली. "हिरवाच होता तो," तो म्हणाला, आणि मग त्यालाही हसू आवरेना. या घरात आठ महिन्यांत कोणी असं हसलं नव्हतं.

शेवटचा कागद त्याने स्वतः वाचला. 'उशीर झाला तरी चालेल, दवाखान्यात आहे. खिडकीजवळची खाट मिळालीय. नवरा रोज येतो आणि आसपासच्या सगळ्या आज्यांचे चष्मे पुसून देतो. मी नशीबवान आहे. त्याला सांगितलं तर उठून पाणी आणायला जाईल, म्हणून तुम्हाला सांगते.'

तो खरंच उठला आणि पाणी आणायला गेला. लेकीने त्याला जाऊ दिलं.

पाकिटात त्या बाईचीही चिठ्ठी होती. त्याचं अर्धवट वाक्य तिने मालकाला दाखवलं होतं. वाढदिवसाचे आणि आठवण येते म्हणणारे मेल मालकाने सगळ्यांसाठीच थांबवले होते.

सोमवारी दुपारी त्याने लोकरीच्या दुकानात फोन केला. बाई जेवायला गेली होती. दुसऱ्याच कोणीतरी उचलला.

"काय निरोप देऊ?"

त्याने बरंच जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य वेळेवर सापडलं नाही.

"पोचलं म्हणून सांगा," तो म्हणाला. "आणि म्हणावं, उपकार झाले."