दुसऱ्या खाचेतली पट्टी

"मला पाणी हवं आहे" या वाक्यात, पाणी आणि हवं यांच्या बरोबर मध्ये, भातात खडा लागावा तसा कर्र आवाज झाला. थोरलीनं वाक्य पुन्हा लावलं. पुन्हा कर्र. पुढचं लावलं, "माझं डोकं दुखतंय", तर अण्णांचा आवाज मध्येच तुटला आणि भलत्याच शब्दावर उगवला. त्याच्या पुढची फाइल उघडलीच नाही.

आवाज अण्णांचा होता, म्हणजे तिच्या वडिलांचा, आणि अण्णा आता पुन्हा कधी बोलणार नव्हते. घशातल्या गाठीपायी डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. आवाज शाबूत होता तेव्हाच दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी बजावलं होतं, की यांच्याकडून वाक्यं वाचून घ्या, रेकॉर्ड करा; पुढे टॅबलेटवर टाइप केलं की तो यांच्याच आवाजात बोलेल असं करता येतं. ते रेकॉर्डिंग उद्या सकाळी बाईंच्या हाती द्यायचं होतं, आणि आज थोरली ते सहज म्हणून ऐकायला बसली होती.

अण्णांनी उभी नोकरी बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत माइकपुढे काढली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं ते म्हणाले, की हमरीतुमरीवर आलेली माणसंसुद्धा भांडण अर्धवट सोडून वर बघायची. माइक दिसला की त्यांची मान ताठ व्हायची आणि तोंडातून फलाट बोलायचा. घरातला आवाज निराळा, जरा किरकिरा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. बाईंची वाक्यं त्यांनी अर्थातच फलाटाच्या आवाजात वाचली. "मला कूस बदलायची आहे" हे असं म्हणाले, की कूस आता कुठल्या तरी गावाहून येऊन उभी राहील असं वाटावं.

"अण्णा, जरा घरच्यासारखं बोला ना," थोरली म्हणाली होती.

"घरच्यासारखं कुणीही बोलतं. माझं म्हणून काही राहायचं असेल, तर हा आवाज राहू दे," अण्णा म्हणाले होते.

आता यात घोळ कुठे झाला ते सांगायला हवं. थोरली घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करायची, त्यामुळे कॉम्प्युटर तिचाच आणि तिला वाटे, आपल्याला त्यातलं बरंच कळतं. रेकॉर्डिंगमध्ये रस्त्यावरची घरघर आली होती. ती काढणारा एक प्रोग्राम तिनं मिळवला, पण तो चालू केला की कॉम्प्युटर धापा टाकायचा. तेव्हा धाकट्या भावाला आठवलं, की आपला मोडका कॉम्प्युटर माळ्यावर पडलाय, त्यातली रॅमची, म्हणजे कामापुरत्या स्मृतीची, पट्टी काढून ताईच्या कॉम्प्युटरच्या रिकाम्या खाचेत घालू. या घरात फाटकी पिशवीसुद्धा कुणी टाकत नाही, मग पट्टी कोण टाकतो?

"कंपनी वेगळी, वेग वेगळा. आधीच्या पट्टीशी हिचं जमेल का रे?" तिनं विचारलं होतं.

"ताई, खाचेत बसतेय ना? मग चालतेय."

चाललीही. कॉम्प्युटर असा पळायला लागला, की तिनं भावाला फोन करून शाबासकी दिली. मग तो अधूनमधून गोठू लागला. एकदा पडदा निळा झाला. तिनं जे सगळे करतात तेच केलं, बंद करून पुन्हा चालू केला. सगळी वाक्यं साफ करून घेतली, सुरुवातीची चार ऐकली, छान वाटली. डिस्क भरत आली होती म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या. टाकून न देणाऱ्या घराण्यात तिनं जन्मात एकदाच काही टाकलं, ते नेमकं हे.

आता तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस बुडताना काडी धरतो. फाइली चांगल्या असतील, तिनं स्वतःला सांगितलं, वाजवतानाच घोटाळा होत असेल. ती मेली पट्टी काढली की सगळं ठीक होईल. तिनं कॉम्प्युटर बंद केला, वायर ओढली, झाकण उघडलं. घाईत पट्टीच्या कडेची खिट्टी दोनदा निसटली. पट्टी निघाली. झाकण तसंच उघडं ठेवून तिनं कॉम्प्युटर चालू केला.

ते वाक्य लावायला तिचं बोट पुढे होईना. जोपर्यंत लावत नाही तोपर्यंत आशा आहे, हे तिला कळत होतं. शेवटी लावलं. मला पाणी, कर्र, हवं आहे. त्याच जागी, तसाच.

म्हणजे बिघाड फाइलीतच शिरून बसला होता. साफ करताना प्रत्येक वाक्य त्या दोन न जुळणाऱ्या पट्ट्यांमधून गेलं होतं आणि तिथेच नासलं होतं. तिनं एकेक करून बरीच वाक्यं ऐकली. कुठे खडा, कुठे तुकडा गायब, कुठे नुसती शिट्टी. जी नीट वाटली त्यांच्यावरही तिचा भरवसा राहिला नाही. बाईंना द्यायचा पेन ड्राइव्हही याच साफ केलेल्या फाइलींवरून भरलेला. सगळं मुसळ केरात.

तिनं धाकट्याला फोन केला. नेहमी त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक विनोद तयार असतो. आज नव्हता.

"अण्णांना सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मला वाटलं होतं, बसतेय म्हणजे..." असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली तेव्हा आई खुर्चीवर बसून पेंगत होती. अण्णा उशीला टेकून बसले होते. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी केलेलं भोक, त्यावर पातळ फडकं. त्यांनी मांडीवरची पाटी उचलली, लिहिलं, "बाईंना उद्या देणार ना?" आणि तिच्याकडे असं पाहिलं, की थोरलीनं चटकन मान डोलावली. अण्णांनी समाधानानं डोळे मिटले. गाठीचं नाव डॉक्टरांनी पहिल्यांदा घेतलं तेव्हाही ती एवढी भ्याली नव्हती. तेव्हा निदान दोष तिचा नव्हता.

घरी आल्यावर पुसलेलं काही परत मिळतं का म्हणून ती डिस्क धुंडाळत बसली आणि एका कोपऱ्यात तिला स्वतःचंच फोल्डर दिसलं, नाव "चिंध्या". वाक्यं कापताना आजूबाजूचं जे उरलं, ते तिनं घरच्या सवयीप्रमाणे जपून ठेवलं होतं. हे काम ती पट्टी बसवण्याच्या आधीचं. त्यानंतर या फाइलींना कुणी हात लावला नव्हता. पण तिला आता कशाचाच भरवसा नव्हता. पहिली चिंधी लावताना तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"हे कसलं वाक्य? असं कोण बोलतं?" अण्णा म्हणाले. खडा नाही, शिट्टी नाही. मागे रस्त्याची घरघर, आणि तिच्यावर तो किरकिरा, खाली बसणारा आवाज. "चष्मा दे. हा नाही, तो." "झालं का? किती वेळ?" "तू जेवलीस का?" माइक बंद आहे असं समजून बोललेलं सगळं. कितीतरी होतं. थोरली टेबलावर डोकं ठेवून रडली.

बाईंनी सकाळी ते ऐकलं. म्हणाल्या, "आवाज जरा खरखरीत येईल, पण यातून होईल. मात्र तुमच्या वडिलांना आधी सांगा. आवाज त्यांचा आहे."

तिनं सांगितलं. "अण्णा, फलाटाचा आवाज गेला. माझ्या हातून गेला. घरातला तेवढा राहिलाय." अण्णांनी पाटी पुसली, खडू हातात धरून ठेवला आणि काहीच लिहिलं नाही. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं, असं तिला झालं.

अण्णांना घरी आणल्यावरही तो आवाज भरलेला टॅबलेट बरेच दिवस उशाशी पडून होता. मग एका दुपारी अण्णांनी तो उचलला. आई खाटेच्या कडेला वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरली दारातच थांबली. अण्णांनी सावकाश टाइप केलं आणि बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," टॅबलेट कुरकुरला, सगळ्या प्रवाशांनी मिळून याचा चष्मा हरवलाय अशा सुरात.

अण्णांनी तो पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे पाहून थोरलीला वाटलं, संपलं, आता हे कधीच बोलणार नाहीत, आणि हे मी केलं. आई घड्या घालत राहिली. ती कशाला नवल करेल, हा आवाज तिनं सगळा जन्म ऐकला होता.

पंखा जोरात होता. वारा लागला की गळ्यातलं ते भोक कोरडं पडून अण्णांना ठसका यायचा. तसा आला. त्यांनी पाटीसाठी हात लांबवला, पण पाटी खिडकीत होती. नाइलाजानं टॅबलेट सुलटा केला, टाइप केलं.

"अगं, पंखा बंद कर."

"करते," आई म्हणाली, हातातली घडी ठेवून उठली आणि तिनं बटण बंद केलं. मग तिचा हात बटणावरच राहिला. ती वळेना. पंख्याची पाती हळूहळू थांबली, तरी ती भिंतीकडेच पाहत होती.

अण्णा तिच्या पाठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी टॅबलेट जवळ ओढला आणि पुन्हा टाइप केलं.

"आणि चहा टाक."

आई काही हलेना, म्हणून थोरलीच चहा टाकायला आत गेली.