डाव्या कानाखालची फाइल

लिफ्टवाल्यांच्या बायकोने माणसांना नावं ठेवण्यात कधी कसूर केली नाही, पण फायलींना नाव द्यायचा तिला भारी कंटाळा. ती कपड्यांची कटिंगं कॉम्प्युटरवर आखून शिंप्यांना पाठवायची. गळा, मुंढा, बाही, सगळं कसं मापात. आखून झालं की फाइलचं नाव 'नवीन'. पुढचीचं 'नवीन १'. मग 'नवीन नवीन'. कॉम्प्युटर हुज्जत घालू लागला की 'नवीन खरंच'.

मग सापडायच्या कशा? तर स्क्रीनवर मागे नवऱ्याचा भलामोठा फोटो होता आणि फायली त्याच्या तोंडावर मांडलेल्या होत्या. कपाळावर घाईची कामं, नाकाशी कटकटी गिऱ्हाइकं, हनुवटीखाली संपलेली. "अहो, तुमच्या मिशीतला फ्रॉक कुठे गेला?" असं ती आतून ओरडायची आणि लिफ्टवाले खरंच मिशीवरून हात फिरवायचे.

लिफ्टवाल्यांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. अवजारांची पिशवी वाहून वाहून डावा खांदा खाली आला तो आलाच. दुकानातला कुठलाही शर्ट त्यांच्या अंगावर वाकडाच दिसायचा. बायको म्हणायची, "शर्ट सरळ आहे, माणूस तिरका आहे."

शेवटच्या दुखण्यात ती दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, तुमच्या डाव्या कानाखाली एक ठेवलंय."

"अगं, मी आता काय केलं?"

ती हसली. हसताना ढास लागली, म्हणून नर्सने लिफ्टवाल्यांनाच दटावलं. ढास थांबल्यावर ती म्हणाली, "तुमच्यासाठी फाइल आहे. मी घरी आले की बघू."

ती घरी आली नाही.

माणसं येऊन गेली, खुर्च्या परत गेल्या, घर रिकामं झालं. लिफ्टवाल्यांना रडू आलं नाही. दाढ काढल्यावर गाल जसा दुसऱ्याचाच वाटतो, तसं त्यांना सगळं अंग वाटत होतं. सकाळ झाली की उठायचं, अंधार पडला की दिवा लावायचा. पँट घसरायला लागली तेव्हा त्यांनी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं आणि विसरून गेले. मुलगी रोज फोन करायची. "बाबा, जेवलात का?" "हो, जेवलो." "काय जेवलात?" "हेच आपलं, नेहमीचं."

रोज संध्याकाळी ते कॉम्प्युटर लावत, स्वतःच्या फोटोच्या डाव्या कानाखाली बघत आणि बंद करत. फाइल उघडायची भीती नव्हती त्यांना. पण ती उघडली नव्हती तोवर बायकोचं काहीतरी सांगायचं राहिलं होतं. उघडली की संपलं. साऱ्या घरात जपावीशी वाटणारी तेवढी एकच गोष्ट होती.

अशात त्या जुन्या कॉम्प्युटरला घरघर लागली. मधेच विझायचा, पुन्हा लावला की कण्हायचा. मुलीने जावयाला नवा घेऊन पाठवलं. जावई भला माणूस, कामाला वाघ, फक्त हाती घेतलेलं काम गरजेपेक्षा जास्तच नीट करायची त्याला खोड होती.

"सगळं येईल ना त्यात?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"एक कण मागे राहणार नाही, बाबा."

दोन कॉम्प्युटरांमध्ये वायर जोडली गेली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. लिफ्टवाले तिच्याकडे बघत बसले. बघायला काहीतरी मिळालं, एवढंच. मग जावई म्हणाला, "तुम्ही जरा पडा," तर ते जाऊन पडले.

उठून आले तेव्हा जुना कॉम्प्युटर खोक्यात गेलेला होता. "पुसून टाकला साफ," जावई म्हणाला. "भलत्याच्या हाती लागायला नको. आणि हे बघा! आईंचा केवढा पसारा होता, सगळं ओळीत लावून दिलंय."

पडदा स्वच्छ निळा होता. फोटो नव्हता. फायली 'आईंच्या फायली' नावाच्या एका पिवळ्या खणात शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या होत्या. नवीन, नवीन, नवीन. खालपर्यंत नवीन.

जावई कौतुकाच्या आशेने बघत होता. त्याला काय सांगायचं, माझ्या कानाखालची फाइल गेली म्हणून? एक कणसुद्धा हरवला नव्हता आणि ती फाइल तेवढी हरवली होती. लिफ्टवाले म्हणाले, "छान झालं. चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शोधायला बसले. तारखेवरून सापडेल म्हटलं, तर सगळ्या फायलींवर कालचीच तारीख. जी एक उघडवत नव्हती, तिच्यापायी आता सगळ्या उघडणं आलं. कोणाची पाठ, कोणाचं पोट, कोणाची लांबलचक बाही. एवढी माणसं बायकोच्या हातून मापून गेली होती आणि एकावरही नाव नव्हतं. लिफ्टवाले उघडत गेले, मिटत गेले. वाटत काहीच नव्हतं.

दुपार कलली तेव्हा एका फाइलशी हात थांबला. एरवी ती पाठ अर्धीच आखायची. दोन्ही बाजू सारख्या, कापड दुमडून कापलं की झालं. या शर्टाची पाठ मात्र अख्खी आखली होती. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली.

ते बघतच राहिले. टेप घेऊन ती कधी मागे लागल्याचं त्यांना आठवेना. नुसत्या नजरेने माप घेतलं होतं बाईने. मानेपाशी कॉलर जरा ढिली सोडलेली, कारण यांना तिथे काचतं. पोटाला ऐसपैस जागा.

त्यांनी तिच्या खणातून टेप काढला आणि स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळला. पडद्यावरचा आकडा फार दूर राहिला. टेप वाकडा धरला असेल म्हणून पुन्हा गुंडाळला. तेवढाच. तिने हा शर्ट ज्याच्यासाठी आखला होता तो माणूस आता या घरात राहत नव्हता.

गालाची बधिरी उतरते तेव्हा आधी ठणका लागतो. तसा लागला, आणि लिफ्टवाले टेबलाची कड धरून उभे राहिले.

फोन वाजला.

"बाबा, जेवलात का?"

"नाही गं."

मुलगी घाबरून म्हणाली, "म्हणजे? काय झालं, बाबा?"

"शर्ट ढगळ होतोय, म्हणते तुझी आई," लिफ्टवाले म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.