तलाव गोल आहे

तिनं डाव्या पायातला मोजा ओढला, तेव्हा अंगठ्याचं नख मोज्यातच राहिलं. तिनं ते चिमटीत धरून पाहिलं आणि पटकन मुठीत लपवलं.

"काय लपवलंस?" मुंगीनं विचारलं.

"खडा होता बुटात."

 मुंगी प्लॅस्टिकच्या छोट्या स्टुलावर बसून आईकडे बघत होती. मुलीचं नाव कागदावर काही का असेना, घरात ती मुंगीच होती. चिकटली की सुटत नाही म्हणून.

नवऱ्यानं पट्टी पुढे केली. तो शाळेची बस चालवायचा, त्यामुळे सोललेल्या गुडघ्यांची आणि फुटलेल्या कोपरांची त्याला सवय होती. तरी अंगठा बघून त्यानं तोंड फिरवलं.

"जमेल का गं?" तो म्हणाला. "एकच फेरी राहिलीय. पण सूर्य बघ कुठं आलाय."

"जमवायला लागेल."

"लागेल कशाला? कोण बंदूक घेऊन उभं आहे?"

 तिनं पट्टी बांधली आणि दातांनी तोडली. शर्यत साधी होती: तलावाभोवती फेऱ्या मारायच्या, पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत. ठरलेल्या फेऱ्या संपल्या की झालं. लाल टोपी घातलेला एक माणूस सूर्य टेकला की शिट्टी वाजवणार होता. शिट्टीच्या आत जो आला तो आला. बाकीचे दिवसभर नुसते फिरायला आले होते असं धरायचं.

गेल्या वर्षीही ती आली होती. शेवटच्या फेरीच्या आधी इथंच बसली आणि उठली नाही. घरी गेल्यावर सासूबाईंनी पाठीला तेल लावता लावता म्हटलं होतं, "बरं झालं. आपल्या घरात अर्धवट कामांना तोटा होता, तेवढी एक भर पडली." सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांचं बोलणं तुरटीसारखं होतं, झोंबायचं आणि मग रक्त थांबायचं. पण ते वाक्य वर्षभर तिच्या कानात राहिलं, कारण ते खरं होतं. मुंगी झाल्यापासून तिचा चहा अर्धा राहायचा, अंघोळ अर्धी राहायची, नर्सिंगची शेवटची परीक्षा तर राहिली ती राहिलीच. एक गोष्ट तरी तिला टोकापर्यंत नेऊन ठेवायची होती. ती कोणती, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. धावणं हाताशी होतं. ती लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची, आणि नमुने खराब व्हायच्या आत पोचवायचे म्हणून पाठीवर थंड पेटी घेऊन तशीही पळतच असायची.

"आई, हिला काहीतरी खायला द्या," ती सासूबाईंना म्हणाली.

"मी काय हातावर हात ठेवून बसलेय?" सासूबाई ताडपत्रीच्या सावलीतून म्हणाल्या. "सकाळपासून घास नाही पोटात. ब्रेड दिला, केळं दिलं, हे तुझे मीठ लावलेले बटाटे दिले. शू करायला नेते म्हटलं तर हलत नाही. पाय आवळून बसलीय. तुझीच लेक."

तिनं मुंगीकडे नीट पाहिलं. सकाळपासून ती पोरीला प्रत्येक फेरीनंतर बघत होती, पण ते बघणं म्हणजे पाणी पिता पिता, मीठ चाटता चाटता. आता दिसलं. मुंगीचे डोळे लाल झाले होते. ओठ सुकले होते. सासूबाईंनी भांडं तोंडाला लावलं तर ती पाणी प्यायली, पण मान खाली न घालता, भांड्याच्या कडेवरून आईकडे बघत. अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं.

"अगं, भांड्यात बघ की," सासूबाई म्हणाल्या.

मुंगीनं नाही बघितलं.

नवऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं, बायकोला डोळ्यानं खूण केली आणि आवाजात गोडवा आणला. "चला, मुंगीबाई. आपण बदकं बघायला जाऊ."

"बदकं नाहीत," मुंगी म्हणाली.

"आहेत ना. मघाशी नव्हती का—"

"मघाशी पण नव्हती."

नवरा हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. सकाळपासून दर फेरीला हेच चाललं होतं. पहिल्यांदा बदकं, मग कुणाचा तरी कुत्रा, मग विमान. मुंगी मान वळवायची, आणि वळवलेली मान परत येईपर्यंत आई झाडीतल्या वाटेनं दिसेनाशी झालेली असायची. तिसऱ्या वेळेनंतर मुंगीनं मान वळवणं सोडलं. मागच्या फेरीला तर बापानं तिला उचलून ताडपत्रीमागं नेलं होतं.

यात त्यांना वावगं वाटलं नव्हतं. घरातही असंच चालायचं. नवऱ्याला बस घेऊन जायचं असे, तिला रक्त घ्यायला लोकांना उपाशीपोटी असतानाच गाठायचं असे, दोघंही उजाडता उजाडता बाहेर. मग सासूबाईंनी मुंगीला खिडकीशी न्यायचं, कबुतर दाखवायचं, आणि तिनं चपला हातात घेऊन मागच्या दारानं सटकायचं. ही युक्ती तिचीच होती. धंद्यातली. लहान मुलाचा दंड धरायचा, "तो बघ, पंख्यावर कोण बसलंय," म्हणायचं, आणि मूल वर बघतंय तोवर सुई आत जाऊन बाहेर. तिच्या हाताखाली मुलं रडत नसत. कशासाठी रडायचं ते कळायच्या आत कापूस लागलेला असे. डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, हिच्या हाताला गुण आहे.

"मुंगे," ती म्हणाली, "एक बटाटा खा ना. माझ्यासाठी."

"खाली बघितलं की तू जाशील."

आवाजात हट्ट नव्हता. दुकानदारानं माल संपला म्हणून सांगावं, तसं तिनं सांगितलं.

 सासूबाईंनी हातातल्या बटाट्यावरचं मीठ उगाच झटकलं.

लाल टोपीवाला दोरीपलीकडून ओरडला, "ताई, जायचं असेल तर आत्ता निघा! नाहीतर बसा निवांत!"

बसावं, असं तिच्या पायांनी कधीच ठरवलं होतं. तिला वाटलं, सांगून टाकावं पोरीला, नाही जात, बघ, इथंच आहे. मुंगी बटाटा खाईल. शू करेल. कुशीत झोपेल. आणि उद्या उजाडताना खिडकीत पुन्हा कबुतर. आज बसून काय सुटणार होतं? 

ती स्टुलासमोर खाली बसली. गुडघे दुमडताना तोंडातून आवाज निघाला. परत उठता येईल की नाही, याचा तिनं विचार केला नाही.

"मी आता जाणार आहे," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "अगं, असं तोंडावर नको सांगू, ती आता—"

"थांबा हो." मग मुंगीला: "मी त्या वाटेनं जाणार. तू बघत असतानाच जाणार."

मुंगीचा खालचा ओठ पुढे आला. "त्या झाडीत?"

"हो."

"झाडीत काय आहे?"

हा प्रश्न तिला कळायला थोडा वेळ लागला. मुंगी दिवसभर वाटेच्या तोंडाकडे, जिथं आई नाहीशी व्हायची तिकडे, तोंड करून बसली होती. आणि आई प्रत्येक वेळी यायची बांधावरून, मुंगीच्या पाठीमागून. तलावाला फेरी असते, जो इकडून जातो तो तिकडून येतो, हे पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मुंगीच्या हिशेबानं आई झाडीत जात होती, आणि मग कधीतरी, कुठूनही, येत होती. किंवा येणार नव्हती.

तिनं धुळीत बोटानं एक वाटोळं काढलं. "हा तलाव. तलाव गोल आहे. इथं तू. मी अशी जाते." बोट फिरत गेलं. "इथं ते वाकडं झाड आहे ना, तिथं मी वळून हात करेन. मग इथं पाण्यापलीकडे पांढरं पंपघर. तिथून पुन्हा हात करेन. मग अशी, अशी, बांधावरून चालत तुझ्याकडे."

मुंगीनं वाटोळ्याकडे पाहिलं. खाली पाहिलं, आणि दचकून लगेच वर. आई तिथंच होती.

"मी रडले तर?" तिनं विचारलं.

"रड. मोठ्यानं रड, म्हणजे मला पलीकडेही ऐकू येईल."

"तू थांबशील?"

तिला हो म्हणावंसं वाटलं. "नाही," ती म्हणाली. "पण येईन. बांधावरून."

नवऱ्यानं काखेत हात घालून तिला उठवलं. तिनं बूट तसाच अडकवला, टाच दाबून. सासूबाईंनी तिच्या हातात बटाटा कोंबला. "खात जा," त्या म्हणाल्या. "पाय पोटावर चालतात."

मुंगीच्या डोळ्यांत बघत ती चार पावलं उलटी चालली. मग वळली. आणि मागून रडणं सुरू झालं.

असं रडणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. रोज सकाळी मागचं दार लागल्यावर हेच होत असणार, फक्त तेव्हा ती जिन्याखाली पोचलेली असायची. आता ते तिच्या पाठीला धरून चाललं होतं. वाकड्या झाडापाशी ती वळली, हात वर केला. बापाच्या कडेवर ताठ झालेली, हातपाय झाडणारी एक लहानशी आकृती दिसली. तिनं हात तसाच ठेवला, दुखायला लागेपर्यंत. मग पुढं निघाली. धावणं आता नावापुरतं होतं. बूट रक्तानं चिकचिकत होता. तिला बटाट्याचा घास गिळवेना, तेव्हा तिनं तो गालात तसाच धरून ठेवला.

झाडी दाट झाली तसं रडणं ऐकू येईना. ते जास्त वाईट होतं. पोरीचा श्वास कोंडला असेल. फिट आली असेल. रडून रडून काळीनिळी पडलेली मुलं तिनं पाहिली होती. परत फिरावं तर अंतर तेवढंच, पुढं जावं तर तेवढंच. ती स्वतःला शिव्या देत पुढं गेली. कुणी सांगितलं होतं खरं बोलायला? आजवर कबुतरावर भागत होतं ना?

पंपघरापाशी ती पोचली तेव्हा सूर्य समोरून डोळ्यांत घुसला. समोर पाण्याचा नुसता चकाकता पत्रा पसरला होता. ताडपत्री कुठली, माणसं कुठली, काही दिसेना. तरी ती काठावर गेली आणि दोन्ही हात हलवले. कुणाला हलवले, कोण जाणे. पलीकडून हाक नाही, रडणं नाही.

ती वळली आणि शिट्टी वाजली. लांब, बारीक, दोनदा.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग चालू लागली.

मागून गाडी आली. मागं राहिलेल्यांना गोळा करणारी. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"ताई, बसा. संपलं आता."

"ऐकू आलं."

"पाय बघा की तुमचा. बसा, लगेच सोडतो."

"गाडी कुठून जाते?"

"मागच्या रस्त्यानं. पार्किंगला."

"बांधावरून नाही जात?"

"बांधावरून गाडी? तलावात घालू काय? ताई, आता चालून काही उपयोग नाही. वेळ धरणार नाहीत, पदक देणार नाहीत."

"माहितेय हो," ती म्हणाली. "पण मी बांधावरून येईन असं सांगितलंय."

"कुणाला?"

"आहेत एक बाई. फार कडक आहेत."

ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडी पुढं काढली.

बांधावर वारा होता. तिनं एका हातानं कठडा धरला आणि पाय पुढं ढकलत राहिली. खाली माणसं खुर्च्या घड्या करत होती. शर्यतीची कमान अर्धी उतरवली होती. लाल टोपीवाला पाठमोरा कुणाशी तरी हसत बोलत होता. तिचं लक्ष फक्त ताडपत्रीकडे होतं. स्टूल दिसलं. स्टूल रिकामं होतं.

शेवटच्या उतारावर ती धावली. कशी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नवरा पुढं आला, पण त्याच्या आधी सासूबाईंचं बोट ओठांवर गेलं. मुंगी त्यांच्या मांडीवर, बांधाकडे पाठ करून, तोंड उघडं टाकून झोपली होती. हनुवटीला मीठ लागलं होतं.

"श्वास... बरा आहे ना?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"घोरतेय की. ऐकू येत नाही?"

"कधी झोपली?"

"तू पंपघरापाशी हात केलास ना, तेव्हा हिनंही केला. दोन्ही हातांनी," सासूबाई म्हणाल्या. "मग शू केली. मग तीन बटाटे खाल्ले. मी म्हटलं, अगं, बघ की आता बांधाकडे, येईल. तर म्हणते, आता काय बघायचं, आता येतेच आहे ती. आणि आडवी झाली."

नवऱ्यानं तिच्या पायाकडे पाहिलं, मग बांधाकडे, मग उतरवलेल्या कमानीकडे. "म्हणजे," तो म्हणाला, "फेरी धरली नाहीच का त्यांनी?"

"हळू बोल रे," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं स्टूल तिच्याकडे सरकवलं. तिनं मान हलवली आणि ताडपत्रीचा बांबू धरून तशीच उभी राहिली. बसली असती तर गुडघे वाजून मुंगी जागी झाली असती.