सटवाजीची छाप

भुजंगनं शेवटच्या कडव्यात सटवाजीच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि रेणुकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

बोरीच्या विहारासमोर मांडव होता. तिच्या वडिलांचा, सटवाजीचा, पहिला स्मृतिदिन. हा माणूस जन्मभर तोंडाचा बाजा खिशात घालून गावोगाव गात फिरला. दोन ओळी गायच्या आणि मग बाजा ओठांना लावून तेच दुःख पुन्हा वाजवायचं, ही त्याची तऱ्हा. लोक ऐकून रडायचे, चहा पाजायचे, विसरून जायचे. भुजंग त्याचाच चेला. आता गॉगल लावून मोबाइलवर लाखो लोकांना गाणी ऐकवतो.

‘खडी फोडता बांगडी फुटली, रस्ता झाला साहेबाचा’ हे सटवाजीचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. अशा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. तीच त्याची छाप, आणि दुसऱ्यानं तिला हात लावायचा नसतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा मात्र ‘सटवा म्हणे’ पुसून खुशाल ‘भुजंग म्हणे’ गात होता, तेही गुरूच्या फोटोसमोर!

रेणुका तरातरा स्टेजवर चढली आणि तिनं माइक हिसकावला.

“लाज वाटत न्हाई का रं? माझ्या बापाची छाप पुसायलास?”

“ताई, गाणं माज्यामुळं चालायलंय. सटवाजीबाबाला कोण वळखतंय आता?”

मांडव खवळला. “छाप घाला! आदी छाप घाला!” भुजंग मान खाली घालून बाजूला झाला. रेणुका विजयानं खाली उतरली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईपुढे, सुलाबाईपुढे, तिनं माइक धरला.

“आई, बाबाचं कडवं तूच म्हण.”

सुलाबाईनं माइक दूर सारला.

“तुज्या बापानं कवा बांगड्या भरल्या होत्या गं?” म्हातारीचा आवाज संतापानं कापत होता. “रस्त्याच्या कामावर खडी मी फोडली. गाणं मी जुळवलं, चुलीपुढं बसून त्याला शिकवलं. त्यानं पहिल्यांदा ‘सटवा म्हणे’ म्हणलं, तवा मी मांडवातच होते. तवा कुणी माइक हिसकला न्हाई.”

“मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?”

“बोलले की. मी बोलाया लागले की त्यो बाजा वाजवायचा.”

रेणुकानं फोटोकडे पाहिलं. हार घालून बाप हसत होता. असा राग तिला भुजंगचासुद्धा आला नव्हता. ती पुन्हा स्टेजवर गेली.

“हे गाणं माझ्या आईचं हाय. सुलाबाईचं,” तिनं माइकवर सांगितलं.

कुणीतरी मागून समजुतीच्या सुरात म्हणालं, “बरं बरं, पोरी. लय दुःख झालंय तुला. छाप घाल आता.”

तिनं कडवं सुरू केलं. “सुला म्हणे...”

“सटवा म्हणे!” सगळ्या मांडवानं गाऊन तिचा आवाज बुडवला. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तोंडात बसलेलं नाव होतं ते, आणि डोळ्यांत पाणी होतं.

तिनं आणखी वरच्या पट्टीत म्हटलं. त्यांनीही म्हटलं. तिसऱ्यांदा ती घसा फोडून ओरडली, तेव्हा भुजंगही त्यांच्यात मिळाला आणि टाळ्या वाजवत सटवाचंच नाव गायला लागला.