तीन कुलपांची पेटी

भिंगरीने वडिलांशी आपणहून बोलणे सोडले, त्याला त्या शुक्रवारी पाच दिवस झाले होते. साधा रुसवा असता तर त्यांनी तो काढला असता. पण ती विचारलेल्याचे नीट उत्तर देई, "हो बाबा", "नाही बाबा", आणि ताट उचलून आत जाई.

झाले होते ते असे. घरात सगळेच मान खाली घालून, फोनकडे बघत जेवतात, म्हणून सोमवारी आठ वाजता बाबांनी राउटर बंद केला आणि त्याच्या स्विचच्या पेटीला कुलूप घातले. तेव्हा आतल्या खोलीत भिंगरीची ऑनलाइन परीक्षा चालू होती. चार प्रश्न राहिले.

"आधी सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही 'हं' म्हणालात. फोनमध्ये बघत."

ते 'हं' त्यांना आठवत नव्हते, आणि नेमके तेच त्यांना टोचत राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी आई शिलाई मशीनवर बाही जोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, तुमच्या कामावर एकट्याचंच कुलूप असतं का?"

ते लिफ्ट दुरुस्त करीत. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक कामगार मुख्य स्विचच्या कडीत स्वतःचे कुलूप अडकवतो आणि किल्ली खिशात ठेवतो. शेवटचे कुलूप निघेपर्यंत लिफ्ट हलत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला साहेबसुद्धा हात लावत नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "जितकी माणसं तितकी कुलपं."

"आणि इथे? कुलूप तुमचं, नेट बंद आम्हा दोघींचं, आणि तुमच्या मोबाइलवर तुमचा डेटा चालू. छान कारभार आहे!"

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी पत्र्याची एक जुनी हत्यारपेटी, अनेक भोकांची लोखंडी कडी आणि तीन लाल कुलपे आणली. आठ वाजता स्वतःचा फोन त्यांनी सर्वांत आधी पेटीत ठेवला.

"राउटर चालूच राहील," ते भिंगरीला म्हणाले. "फोन फक्त जेवणापुरते, आठ ते नऊ. तुझी परीक्षा असेल त्या दिवशी पेटी नाही. तुझं कुलूप तू घालायचंस. नको असेल तर राहू दे."

"आणि तुमच्या साहेबांचा फोन आला तर?"

"आज पाळी माझी नाही. असेल त्या दिवशी आधी सांगेन."

"आईची गिऱ्हाइकं?"

"तासाभरात कुणाच्या बाह्या उसवत नाहीत," आई म्हणाली आणि तिने आपला फोन आत टाकला.

भिंगरीने कडी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे मी कुलूप काढेपर्यंत तुमचा फोन आत?"

"आत."

"फार मोठा अधिकार देताय, बाबा." सहा दिवसांत पहिल्यांदाच ती हसली. आपला फोन आत ठेवून तिनेही कुलूप घातले.

पहिली पंधरा मिनिटे नुसता चमच्यांचा आवाज होता.

"पूर्वी आपण जेवताना काय बोलायचो गं?" बाबांनी विचारले.

"तुम्ही लिफ्टला शिव्या घालायचात," आई म्हणाली, "आणि आम्ही लिफ्टची बाजू घ्यायचो." मग तिघेही हसले.

नऊ वाजले. बाबांनी आपले कुलूप काढले, आईने आपले. तिसरे तसेच राहिले. बाबांची नजर एकदा पेटीकडे गेली आणि परत आली.

"मॅडमनी परत परीक्षेला बसायला सांगितलंय," भिंगरी ताटाकडे बघत म्हणाली. "गुरुवारी. सातला. दीड तास."

"गुरुवारी, सात ते साडेआठ," बाबा तिच्याकडे पाहत म्हणाले. "पेटी नाही. बेल वाजू नये म्हणून मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो."

"इतकं नको हो! नुसतं लक्षात ठेवा."

मग ती कोणत्या दोन प्रश्नांपाशी अडली होती ते सांगू लागली. त्यातले निम्मे त्यांना कळले नाही, पण त्यांनी एक शब्दही निसटू दिला नाही. पोरीने आपल्याला पुन्हा काही सांगावे, ही त्यांना फार मोठी देणगी वाटली. आभार मानायची त्या घरात रीत नव्हती. ते उठले आणि तिचे ताट विसळून आले.

"काढू का कुलूप?" किल्ली बोटाभोवती फिरवत तिने विचारले.

"घाई नाही," ते म्हणाले आणि पुन्हा तिच्यासमोर येऊन बसले. "तो दुसरा प्रश्न राहिला तुझा."