स्वभावाला दहापैकी दोन

ईस्टर सरला की आमच्या गावात ओरेस्टची यादी लागते. ओरेस्ट माझा नवरा. हॉकीच्या मोठ्या लीगचे संघ जूनमध्ये कुठली पोरं निवडतील, पहिला कोण, दहावा कोण, हे तो आधीच ठरवतो आणि बर्फाच्या मैदानाशेजारच्या कॉफीच्या दुकानाच्या खिडकीवर चिकटवतो. संघांनी त्याचं कधी ऐकलेलं नाही. ओरेस्टच्या मते चूक दरवर्षी संघांचीच असते.

त्याची पद्धत मोठी कडक. स्केटिंगला दहा गुण, फटक्याला दहा, नजरेला दहा आणि स्वभावाला दहा. स्वभाव तो टीव्हीवरच्या मुलाखतीत तपासतो. “संघ आधी, मी नंतर,” असं जो म्हणेल त्याला पैकीच्या पैकी. वेगळं काही म्हणणारा पोरगा अजून निघालेला नाही.

यंदा मात्र त्या पोरांतला एक आमच्याच घरी होता. बाहेरगावच्या खेळाडूंना क्लब इथल्या घरांत ठेवतो, तसा कोल्बी दोन हिवाळे आमच्याकडे राहिला. अंगाने घोडा, मनाने वासरू. जाणकार त्याला पहिल्या दहात धरत होते. निवडीच्या सोहळ्यासाठी आईवडिलांखेरीज त्याला एक जादा तिकीट मिळणार होतं, आणि ओरेस्टचा जीव त्या तिकिटात अडकला होता. आयुष्यभर याद्या केल्या, सोहळा एकदाही पाहिला नव्हता.

तरीही त्याने कोल्बीला एकतिसाव्या नंबरावर टाकलं.

“स्वभावाला दोन?” मी पीठ मळता मळता विचारलं.

“ओला टॉवेल रोज जमिनीवर. दार आपटतो. ताटातली शेवटची बटाट्याची पिरोही कुणाला न विचारता उचलतो. याला संघ आधी म्हणायचं?”

“तुझ्या यादीतला पहिला पोरगा पलीकडच्या डार्लीनकडे राहतो ना? ओले मोजे तिच्या ओव्हनमध्ये वाळवतो म्हणे. चर्चच्या विक्रीत तीच सांगत होती.”

“ऐकीव गोष्टी मी धरत नाही.”

“आणि मुलाखत?”

“ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय!”

नाझरेथच्या लोकांनीही प्रभूला असेच गुण दिले असतील, सुताराचा पोर म्हणून. पण जेवणाआधी वाद घालायचा नाही हे माझं व्रत आहे. मी जपमाळ घेऊन बसले.

रात्रीच्या जेवणाला कोल्बी खिडकीवरची यादी वाचूनच आला. चिडला असेल असं वाटलं, पण तो हसत होता.

“काका, टॉवेलचं बरोबर आहे तुमचं. मीही पद्धतशीर गुण दिले, तिकिटासाठी. हॉकीचं ज्ञान: काका दहा, काकू शून्य.”

ओरेस्ट ताठ बसला.

“पहाटे सरावाआधी उठून अंडी करणं: काकू दहा. काका तेव्हा घोरत असतात. आता स्वभाव.”

“तो तू कसा तपासलास?”

“घरात राहून. तुमच्यासारखाच.”

“म्हणजे मी कितवा?”

“दुसरा.”

“अरे, दोघांत दुसरा?” ओरेस्ट माझ्याकडे वळला. “हिला गोल कुठला ते कळत नाही!”

“कोल्बी कुठला ते कळतं,” मी म्हटलं.

पोराचं भलं व्हावं म्हणून मी नऊ दिवस प्रार्थना केली होती, तिकीट मागितलं नव्हतं. पण न मागता मिळालेलं नाकारणं हासुद्धा गर्वच, असं आमचे फादर सांगतात. मी गेले.

कोल्बीला एका संघाने सहाव्या नंबरावर उचललं. मी लगेच घरी फोन केला.

“संघ चुकला,” ओरेस्ट म्हणाला. मग फोनमध्ये नाक शिंकरल्याचा आवाज आला.

“काय झालं?”

“त्याचा टॉवेल अजून जमिनीवरच आहे. मी उचललेला नाही.”